विमानतळावरील लाउंज : सवलत कोणती आणि हक्क कोणता?

प्रवास म्हटला की वाट पाहणे ओघानेच आले. एस.टी.च्या स्थानकावर, रेल्वेच्या फलाटावर किंवा नावेच्या धक्क्यावर माणसाने किती काळ बसून काढला असेल याचा हिशेब कोणी ठेवला नाही. विमानाने अंतर आखडले. पण वाट पाहणे काही आखडले नाही. उलट, दोन तासांच्या उड्डाणासाठी अडीच-तीन तास अगोदर विमानतळावर पोहोचावयाचे, सामान द्यावयाचे, सुरक्षा-तपासणीतून जावयाचे आणि मग बोलावणे येईपर्यंत बसून राहावयाचे, असा व्यस्त हिशेब आता नेहमीचाच झाला आहे. हे बसणे मात्र सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही. बहुतेक उतारू मोठ्या दालनातील खुर्च्यांवर बसतात. आणि काही थोडे एका काचेच्या दारातून आत जातात. तेथे मऊ आसने असतात, गरम जेवण असते, वर्तमानपत्रे असतात, आवाज कमी असतो. या जागेला लाउंज म्हणतात. त्या दारातून कोणी आत जावे आणि कोणी जाऊ नये, यासंबंधीचे नियम दिसतात तितके सरळ नाहीत. आणि ते ठाऊक नसल्यामुळे पुष्कळदा भल्या माणसांना दारात उभे राहून ओशाळे व्हावे लागते.

असा एक प्रसंग कल्पावा. दिल्लीत सारी नोकरी काढलेले एक मराठी गृहस्थ पत्नीसह पुण्याला निघाले आहेत. गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली, म्हणून मुलाने त्यांच्यासाठी बिझनेस क्लासचे तिकीट काढले. आईने मात्र आग्रहाने आपल्यासाठी इकॉनॉमीचेच घ्यावयास लावले. दोन तासांसाठी एवढा पैसा कशाला, हे तिचे म्हणणे. दोघे लाउंजच्या दाराशी येतात. तेथील कर्मचारी गृहस्थांचा बोर्डिंग पास पाहून त्यांना नम्रपणे आत येण्यास सांगतो आणि तितक्याच नम्रपणे पत्नीला थांबवितो. गृहस्थ चकित होतात. एवढ्यात इकॉनॉमीचाच बोर्डिंग पास असलेला एक तरुण येतो, दुसरे एक सोनेरी कार्ड दाखवितो आणि आपल्या मित्राला घेऊन सरळ आत जातो. महाग तिकीट असलेल्याची पत्नी बाहेर आणि स्वस्त तिकीट असलेल्याचा मित्र आत! गृहस्थांना वाटते की आपला अपमान झाला. वस्तुतः त्या दारात कोणी नियम मोडलेला नाही, आणि कोणी कोणाचा अपमानही केलेला नाही. दोन निराळ्या नियमांनी दोन निराळे निकाल दिले, एवढेच. ते नियम कसे घडले, हे पाहण्यासारखे आहे.

रेल्वेच्या प्रतीक्षालयांची सवय असलेल्या मनाला विमानतळाचा हा प्रकार चमत्कारिक वाटतो, आणि ते स्वाभाविक आहे. रेल्वेच्या मोठ्या स्थानकांवर दारावरच वर्गाचे नाव रंगविलेले असे. पहिल्या वर्गाचे तिकीट दाखवावे आणि पहिल्या वर्गाच्या प्रतीक्षालयात बसावे, असा तो सरळ व्यवहार होता. रेल्वे एक, तिकीट तिचेच, प्रतीक्षालयही तिचेच. म्हणून प्रश्नच उद्भवत नसे. विमानतळावर मात्र या तिन्ही गोष्टी तीन निराळ्या हातांत असतात. विमान एका कंपनीचे, विमानतळ दुसऱ्याच संस्थेचा, आणि लाउंज चालविणारी संस्था पुष्कळदा तिसरीच. तिकीट विकणारा आणि जागा देणारा एक नसल्यामुळे, कोणाला आत घ्यावयाचे हे त्यांच्यातील करारांवरून ठरते. उतारूच्या हाती तिकीट असते. तो करार त्याच्या दृष्टीस कधी पडत नाही.

या संस्थेचा उगमही लक्षात घेण्यासारखा आहे. विमान कंपनीचे पहिले लाउंज म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर १९३९ साली अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने उघडले. सी. आर. स्मिथ हे तेव्हा तिचे अध्यक्ष होते. कंपनी आपल्या विमानांना ‘फ्लॅगशिप’ म्हणजे ध्वजनौका म्हणत असे, म्हणून तिच्या सन्मान्य पाहुण्यांना ‘अॅडमिरल’ हा मानाचा किताब मिळे. आणि त्या लाउंजचे नाव पडले ‘अॅडमिरल्स क्लब’. प्रारंभी तेथे पैसे भरून जाता येत नसे. कंपनीने बोलावले तरच प्रवेश. पुढे ठराविक वर्गणी घेऊन सभासद करण्याची पद्धत आली. म्हणजे लाउंज हे मुळात तिकिटाचा भाग नव्हतेच. ते होते यजमानाच्या मर्जीने मिळणारे आतिथ्य. आजही या प्रकरणातील बहुतेक गोंधळाचे मूळ येथेच आहे. आतिथ्याला उतारू हक्क समजतो, आणि जेथे खरोखर हक्क आहे तेथे तो गप्प बसतो.

आजच्या घडीला लाउंजचे दार उघडणाऱ्या किल्ल्या चार आहेत. पहिली तिकिटाचा वर्ग, दुसरी विमान कंपनीच्या सभासदत्वाची श्रेणी, तिसरी बँकेचे कार्ड आणि चौथी रोख पैसा. प्रत्येक किल्लीचा स्वभाव निराळा असून एकीचे नियम दुसरीला लागू पडत नाहीत.

प्रथम तिकिटाच्या वर्गाचा विचार करू. भारतातील अंतर्गत प्रवासात एअर इंडियासारख्या, सर्व सेवा देणाऱ्या कंपनीचे बिझनेस क्लासचे तिकीट घेतले म्हणजे जेथे सोय आहे तेथे लाउंजचा प्रवेश सामान्यतः त्यातच येतो. आपल्या अंतर्गत मार्गांवरील लहान विमानांत बिझनेस क्लासच्या खुर्च्या पुष्कळदा आठच असतात. एवढ्या थोड्या उतारूंना लाउंजमध्ये बसविणे कंपनीला जड जात नाही. काही ठिकाणी लाउंज कंपनीचे स्वतःचे असते. इतरत्र ती लाउंज चालविणाऱ्या संस्थेला दरडोई रक्कम देते. म्हणजे बिझनेस क्लासच्या उतारूने आत घेतलेला चहा फुकट नसतो; त्याचे मोल तिकिटातच वसूल झालेले असते. प्रीमियम इकॉनॉमी या मधल्या वर्गाची गोष्ट मात्र निराळी. त्यात पाय पसरावयास जागा थोडी अधिक मिळते, विमानात चढण्याचा क्रमही कधी अगोदर लागतो. परंतु लाउंजचा प्रवेश त्यात सहसा नसतो. ‘प्रीमियम’ हा शब्द ऐकून तसा समज करून घेणारे अनेकजण दारावरून परततात.

या पहिल्या किल्लीला आणखीही मर्यादा आहेत. प्रवेश त्याच दिवशीच्या आणि त्याच टर्मिनलवरून सुटणाऱ्या उड्डाणापुरता असतो. मुंबईची दोन टर्मिनले एकमेकांपासून दूर आहेत. एकावरून उड्डाण असता दुसऱ्यावरील लाउंजचा काही उपयोग नाही. जेथे देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय अशी दोन्ही उड्डाणे एकाच इमारतीतून होतात तेथेही पारपत्र आणि सीमाशुल्क यांच्या तपासणीपलीकडील लाउंजमध्ये अंतर्गत उतारूला जाता येत नाही. कारण ती सीमा सरकारची आहे, विमान कंपनीची नव्हे. मुक्कामी पोहोचल्यानंतर, म्हणजे विमानातून उतरल्यावर, हा प्रवेश बहुधा संपलेला असतो. शिवाय ज्याने इकॉनॉमीचे तिकीट घेतले आणि ज्याला कंपनीने आपल्या सोयीसाठी ऐनवेळी वरच्या वर्गात बसविले, त्याला विमानात वरची खुर्ची मिळते. लाउंज मिळेलच असे नाही. अनेक कंपन्या मूळ तिकीट कोणत्या वर्गाचे होते ते पाहतात. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, ही किल्ली एकट्याची आहे. तिकीट ज्याचे, प्रवेश त्याचा.

दुसरी किल्ली सभासदत्वाची. जो उतारू एकाच कंपनीने वारंवार प्रवास करतो त्याला ती आपल्या नोंदवहीत वरची श्रेणी देते. जगातील अनेक विमान कंपन्यांनी एकत्र येऊन संघ स्थापिले आहेत आणि एका कंपनीने दिलेली श्रेणी दुसरीने मानावयाची, असा त्यांच्यात करार असतो. एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजी ‘स्टार अलायन्स’ या संघात सामील झाली. या संघाच्या नियमाप्रमाणे बिझनेस क्लासच्या उतारूला लाउंजमध्ये एकट्याने प्रवेश आहे. त्याला पाहुणा नेता येत नाही. परंतु ‘गोल्ड’ श्रेणीचा सभासद कोणत्याही वर्गाने प्रवास करीत असला, तरी त्याला प्रवेश असून सोबत एक पाहुणाही नेता येतो. अट एवढीच की पाहुणाही त्याच दिवशी, त्याच विमानतळावरून, संघातीलच विमानाने जाणारा असावा.

आता आरंभीच्या प्रसंगाचा उलगडा होतो. गृहस्थांच्या हाती पहिली किल्ली होती, तरुणाच्या हाती दुसरी. बिझनेस क्लासचे तिकीट म्हणजे एका प्रवासाची खरेदी. तिची किंमत त्या प्रवासापुरती आणि त्या माणसापुरती. सोनेरी कार्ड म्हणजे वर्षभराच्या व्यवहाराची परतफेड. आपले हे गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये, म्हणून कंपनीने त्याच्या मित्रालाही दिलेला मान. व्यापारी दृष्टीने पाहिले, तर एकदाच मोठी खरेदी करणाऱ्यापेक्षा नेहमी येणारे गिऱ्हाईक दुकानदाराला अधिक मोलाचे वाटते. हा नियम आपल्याकडील कोणत्याही किराणा दुकानात पाहावयास मिळतो. विमानतळावर तो काचेच्या दारामागे असतो इतकेच.

अमेरिकेतील पद्धत तर याहूनही निराळी आहे, आणि मुलाबाळांकडे अमेरिकेस जाणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना तिचा अनुभव येतो. तेथे अंतर्गत प्रवासाच्या वरच्या वर्गाला फर्स्ट क्लास म्हणतात. नाव भारदस्त आहे. परंतु अमेरिकन, डेल्टा आणि युनायटेड या तिन्ही मोठ्या कंपन्यांत केवळ अंतर्गत फर्स्ट क्लासच्या तिकिटावर लाउंजचा प्रवेश सर्वसाधारणपणे मिळत नाही. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिससारख्या, एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतच्या काही मार्गांवर काही कंपन्यांनी विशेष वर्ग ठेवून अपवाद केला आहे, एवढेच. याचे कारण समजण्यासारखे आहे. तेथे फर्स्ट क्लासच्या पुष्कळ जागा नेहमीच्या उतारूंना बक्षीस म्हणून विनामूल्य दिल्या जातात. त्या सर्वांना लाउंज खुले केले तर दालने भरून वाहतील. आणि वार्षिक वर्गणी किंवा महागडी बँक-कार्डे विकून जे उत्पन्न मिळते तेही आटेल. म्हणून तेथे खुर्ची आणि लाउंज या दोन वस्तू निराळ्या विकल्या जातात.

यातून एक मौज उत्पन्न होते. युनायटेडची स्वतःची गोल्ड श्रेणी मिळविलेला अमेरिकन उतारू देशातल्या देशात प्रवास करताना केवळ त्या श्रेणीच्या बळावर त्याच कंपनीच्या लाउंजमध्ये जाऊ शकत नाही. पण त्याच विमानाने जाणारा, स्टार अलायन्सच्या दुसऱ्या एखाद्या कंपनीचा गोल्ड सभासद मात्र जाऊ शकतो; मग ती कंपनी एअर इंडिया का असेना. घरच्याला दार बंद आणि पाहुण्याला उघडे, असा हा न्याय आहे. भारतातून बिझनेस क्लासने गेलेल्या उतारूचे पुढचे अंतर्गत उड्डाण त्याच दिवशी त्याच संघाच्या विमानाने असेल, तर आंतरराष्ट्रीय तिकिटाच्या बळावर त्यालाही लाउंज मिळते. तोच उतारू आठवड्याने मुलीकडून मुलाकडे अंतर्गत फर्स्ट क्लासने निघाला, तर दार बंद. म्हणून गेल्या खेपेस आत सोडले होते, हा युक्तिवाद तेथे निरुपयोगी ठरतो. त्या खेपेची किल्ली निराळी होती.

तिसरी किल्ली बँकेच्या कार्डाची. भारतातील लाउंजांचे रूप गेल्या दहा-पंधरा वर्षांत जर कोणी पालटले असेल, तर ते या किल्लीने. बँकांनी आपली क्रेडिट आणि डेबिट कार्डे लोकप्रिय व्हावीत म्हणून त्यांवर लाउंजचा प्रवेश देऊ केला. दारात कार्ड यंत्राला लावावे, ओळख पटविण्यासाठी पुष्कळदा दोन रुपयांसारखी नाममात्र रक्कम वळती व्हावी, आणि जेवावयास बसावे. उतारूला हे जवळजवळ फुकट भासले. वास्तविक बँक किंवा कार्डाचे जाळे चालविणारी संस्था प्रत्येक भेटीमागे लाउंजला पैसे देत होती, आणि मध्यस्थ संस्था हा हिशेब ठेवीत होती. त्याच काळात उतारूंची संख्याही झपाट्याने वाढली. २०१४ साली देशांतर्गत विमान-प्रवास करणारांची संख्या सुमारे पावणेसात कोटी होती. २०२४ साली ती १६ कोटींवर गेली. अधिक माणसे, प्रत्येकाच्या खिशात कार्ड, आणि दालन मात्र तेवढेच. परिणाम व्हावयाचा तोच झाला. ज्या शांततेसाठी लाउंज, तीच नाहीशी झाली. दाराबाहेर रांगा लागू लागल्या, आणि बिझनेस क्लासचे पूर्ण मोल दिलेला उतारूही त्याच रांगेत उभा राहू लागला.

गर्दी झाली की दार अरुंद करावे लागते. अनेक भारतीय बँकांनी २०२३ च्या अखेरीपासून असा नियम केला की मागील तिमाहीत कार्डावर ठराविक रकमेचा खर्च झाला असेल तरच पुढील तिमाहीत प्रवेश मिळेल. मध्यस्थांच्या व्यवहारातही उलथापालथ झाली. या व्यवसायातील एका मोठ्या भारतीय मध्यस्थ कंपनीने १६ सप्टेंबर २०२५ पासून आपली देशांतर्गत लाउंजची सेवाच थांबविली. अमेरिकेतही हेच चित्र दिसते. डेल्टा कंपनीने २०२२ साली उड्डाणाच्या तीन तासांहून अगोदर येणारांस मज्जाव केला, आणि फेब्रुवारी २०२५ पासून महागड्या कार्डांच्या धारकांनाही वर्षाकाठी मोजक्याच भेटी देऊ केल्या. तात्पर्य, कार्ड तेच असले तरी त्यावरील सवलत तीच राहील, असे धरून चालता येत नाही.

चौथी किल्ली रोख पैशाची. बहुतेक मोठ्या लाउंजांत जागा असेल तर दरडोई शुल्क भरून दोन-तीन तास बसता येते. हीच किल्ली सर्वांत स्वच्छ म्हणावी लागेल. कारण तीत किती द्यावयाचे आणि काय मिळावयाचे हे डोळ्यांसमोर असते. आपल्या गृहस्थांनाही पत्नीसाठी शुल्क भरून हा प्रश्न सोडविता आला असता. दारात मान-अपमानाच्या विचारात पडलेल्या माणसाला मात्र हा साधा मार्ग सुचत नाही.

एकूण कल असा दिसतो की लाउंज हळूहळू तिकिटापासून सुटे होत चालले आहे. एमिरेट्सने २०१९ साली आणि कतार एअरवेजने २०२० साली बिझनेस क्लासची अशी स्वस्त तिकिटे काढली की ज्यांत खुर्ची आहे, जेवण आहे, पण लाउंज नाही. हे मार्ग आंतरराष्ट्रीय खरे. तथापि व्यापारातील चाली एका बाजारातून दुसऱ्या बाजारात जावयास वेळ लागत नाही. म्हणून वर्गाच्या नावावर विसंबून न राहता तिकिटाबरोबर कोणकोणत्या सोयी लिहून दिल्या आहेत ते वाचणे हाच खरा उपाय होय.

येथवर सवलतीचा विचार झाला. आता हक्काचा. विमान कंपनीने लाउंज दिलेच पाहिजे असा कोणताही कायदा भारतात नाही. परंतु उतारूला वाट पाहावी लागली तर त्याची काळजी घेतली पाहिजे, असा नियम आहे. आणि तो वर्ग पाहत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१० साली केलेल्या नियमांप्रमाणे, वेळेवर हजर झालेल्या उतारूचे विमान ठराविक मर्यादेपलीकडे रखडले तर कंपनीने त्याला खाणे-पिणे दिले पाहिजे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणासाठी ही मर्यादा दोन तासांची, अडीच ते पाच तासांच्या उड्डाणासाठी तीन तासांची, आणि इतरांसाठी चार तासांची आहे. उशीर चोवीस तासांहून अधिक असेल, किंवा रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेत सुटणारे विमान सहा तासांहून अधिक रखडत असेल, तर हॉटेलात राहण्याची सोय करण्याचीही तरतूद या नियमांत आहे. दिल्ली ते पुणे हे उड्डाण अडीच तासांच्या आतबाहेरचे. तेव्हा त्या दिवशी विमान चार तास रखडले असते, तर लाउंजच्या दारात थांबविलेल्या पत्नीचा खाण्या-पिण्यावरील हक्क आत बसलेल्या पतीइतकाच बळकट ठरला असता. तेथे कोणाची मेहेरबानी नाही. मागितले पाहिजे इतकेच.

वरच्या वर्गाच्या उतारूला आणखी एक हक्क आहे, आणि तो लाउंजपेक्षा कितीतरी मोलाचा आहे. बिझनेस क्लासचे तिकीट घेतलेल्यास त्याच्या इच्छेविरुद्ध खालच्या वर्गात बसविले, तर २०२३ च्या फेब्रुवारीत केलेल्या दुरुस्तीप्रमाणे, अंतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम कंपनीने परत करावयाची असते. पुष्कळ उतारू लाउंजमधील कॉफी मिळाली नाही म्हणून हुज्जत घालतात. पण खुर्ची गेली असता मिळालेले किरकोळ कूपन घेऊन घरी जातात. याचप्रमाणे, तिकीट विकताना लाउंजची सोय लेखी कबूल केली असेल आणि पुढे ती नाकारली, तर मात्र सवलत ही केवळ सवलत राहत नाही. ती कराराची बाब होते, आणि तिची तक्रार कंपनीकडे, सरकारच्या ‘एअरसेवा’ या व्यवस्थेकडे किंवा ग्राहक आयोगाकडे नेता येते. म्हणूनच लेखी काय आहे, याला महत्त्व.

राहता राहिला प्रश्न काचेच्या दाराबाहेर बसलेल्या बहुसंख्य उतारूंचा. लाउंज असू नये, असे कोणी म्हणणार नाही. अधिक मोल देणाराला अधिक सोय मिळावी, यात गैर काही नाही; आणि त्यात सर्वांचा थोडासा लाभही आहे. २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणाने जी पद्धत स्वीकारली तिच्याप्रमाणे दुकाने, उपाहारगृहे यांसारख्या विमानेतर बाबींपासून विमानतळाला जे उत्पन्न होते त्याचा ३० टक्के भाग विमानविषयक आकार कमी ठेवण्यासाठी हिशेबात धरला जातो. पण दाराआडच्या सोयीबरोबर दाराबाहेरच्या सोयीचाही विचार झाला पाहिजे. १९१७ साली रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाविषयी लिहिताना महात्मा गांधींनी हाच मुद्दा मांडला होता. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटींहून अधिक आहे. मग निदान त्या प्रमाणात तरी सोय तिसऱ्या वर्गाला मिळते काय, असा त्यांचा प्रश्न होता. वरच्या वर्गाची सोय काढून घ्या, असे त्यांचे मागणे नव्हते. दाम आणि आराम यांच्यात काही प्रमाण असावे, एवढेच ते मागत होते. तो तिसरा वर्ग रेल्वेतून १९७४ साली गेला. प्रश्न मात्र गेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याच्या विमानतळावर आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चेन्नईच्या विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाला, तेथे दहा रुपयांत चहा आणि वीस रुपयांत समोसा मिळू लागला. गोष्ट लहान, पण त्या जुन्या प्रश्नाला दिलेले ते एक उत्तरच होय.

यावरून प्रवासास निघणाऱ्याने घरून निघतानाच चार गोष्टी पाहून ठेवाव्यात. आपल्या हाती कोणती किल्ली आहे. ती एकट्याची आहे की पाहुण्यासह. लाउंज आपल्याच टर्मिनलमध्ये आहे की नाही. आणि कार्ड असल्यास या तिमाहीत ते चालते काय. एवढे माहीत असले की दारात हुज्जत होत नाही. आणि पाचवी गोष्ट गाठीस बांधावी ती अशी की विमान रखडले असता काय मिळावयाचे, हे कोणत्याही किल्लीवर अवलंबून नाही.

आपले गृहस्थ त्या दिवशी क्षणभर दारात घोटाळले आणि मागे फिरले. मोठ्या दालनात पत्नीशेजारची खुर्ची मोकळी होती; तिच्यावर ते दुखरा पाय सरळ करून बसले आणि दोघांनी कागदी पेल्यांतून चहा घेतला. नियम अगोदर ठाऊक असता, तर मुलाने दोघांसाठी काही निराळी व्यवस्था केली असती, किंवा ते थोडे पैसे भरून पत्नीसह आत बसले असते. अथवा जेथे बसले तेथेच बसले असते. पण मग त्या बसण्याला अपमानाची बोच राहिली नसती.